दाजी, मासे आणि शेवाळ

हिरव्या रंगाविषयी आपल्याकडे एकंदरीत फार चांगलं मत आहे. नवरीला हिरवा चुडा लागतो, देवीला हिरवी चोळी लागते, कवीला हिरवं रान लागतं आणि रेल्वेगाडीला तर हिरवा झेंडा हलल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. डॉक्टरसुद्धा हिरव्या पालेभाज्या खा म्हणून सांगतात. (ते स्वतः काय खातात हे आपण विचारायचं नसतं.) हिरवा रंग दिसला की ज्याचं तोंड कडू होतं असा प्राणी या जगात एकच. ज्याच्या बैठकीच्या खोलीत माशांची काचेची टाकी आहे तो.

असा गृहस्थ ओळखायला सोपा असतो. त्याच्या घरी सगळ्यांचे मिळून जितके दात असतील त्यापेक्षा जास्त जुने टूथब्रश असतात. रविवारी सकाळी तो बनियनवर, कोपरापर्यंत पाण्यात हात घालून काच घासत असतो आणि गुरुवारपर्यंत ती काच पुन्हा मखमलीसारखी झालेली असते. पाहुणे आले की तो त्यांना टाकीपासून सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसवतो. पण पाहुणे ही जात अशी की, जे दाखवायचं नाही तेच तिला आधी दिसतं. ‘यात मासे आहेत का हो?’ असं एखादा निरागसपणे विचारतो, आणि यजमानाला चहात साखर जास्त पडल्यासारखा चेहरा करून ‘आहेत, आहेत, आता दिसतील’ असं म्हणावं लागतं. जणू मासे आत कपडे बदलताहेत!

आमच्या दाजींच्या टाकीतले मासे असे दीड वर्ष कपडे बदलत होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. ते राहायला दौंडला, मी शिरूरला. दोन्ही तालुके एकमेकांना लागून आणि मध्ये भीमा. पण दोन्ही गावांचे स्वभाव अगदी वेगळे. शिरूर हे नदीचं गाव. जुनी माणसं त्याला अजून ‘घोडनदी’च म्हणतात. दौंड हे रुळांचं गाव. १८७८ साली तिथून मनमाडला लोहमार्ग गेला, तेव्हापासून ते जंक्शन झालं. इंग्रज त्याला ‘धोंड’ म्हणत. आक्काचं लग्न दौंडच्या रेल्वे गार्डाशी ठरलं तेव्हा ‘पोरीच्या गळ्यात धोंड बांधली’ हा विनोद आमच्या वडिलांना पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ऐकावा लागला.

दाजी गार्ड होते, आणि अजूनही आहेत असंच म्हटलं पाहिजे, कारण माणूस रेल्वेतून निवृत्त होतो, रेल्वे माणसातून निवृत्त होत नाही. २०२२ साली सरकारने गार्डाचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. दाजी त्याआधी कितीतरी वर्षं निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं मॅनेजर होणं हुकलं. ‘आमच्या येळी गाडी गार्डच चालवायचा, मॅनेजर ब्यांकेत असायचा,’ असं ते म्हणतात. मग ड्रायव्हर काय करायचा, असं विचारलं की ते विषय बदलतात.

टाकी मात्र दाजींची नव्हे, आक्काची. शाळेच्या सहलीत ती मुंबईला गेली होती आणि तिथे तिने तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. ते मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलं होतं आणि त्या काळी मुंबई पाहून आलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडी राणीच्या बागेखालोखाल त्याचंच नाव असे. परत आल्यावर आक्काने घरच्या तांब्याच्या घंगाळात ओढ्यातले चार मासे आणून सोडले. आजीने आंघोळीला हात घातला आणि मग जे झालं ते झालं. ती हौस पुढे १९९४ साली, दौंडला स्वतःचं घर झाल्यावर, पुरी झाली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. म्हणजे साधारण दीडशे लिटर पाणी. तळाला वाळू आणि वाळूत लांब फितीसारख्या पानांची वॅलिसनेरिया. आक्का तिला ‘माझं गवत’ म्हणायची. आणि गवतातून फिरणारे शंभरेक गप्पी.

हे गप्पी म्हणजे आपल्याकडे हिवतापवाले विहिरीत आणि हौदात डासांच्या अळ्या खायला सोडतात तेच. ते गप्पा मारतात म्हणून त्यांचं नाव गप्पी, अशी आमच्या शाळेतल्या मुलांची पक्की समजूत होती. वास्तविक त्रिनिदाद बेटावर गप्पी आडनावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी १८६६ साली हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, म्हणून हे नाव. आपल्या आडनावाचा असा उपयोग होईल हे त्या गृहस्थांना माहीत असतं तर त्यांनी मासे पाठवले असते की नाही कोण जाणे.

गार्डाच्या ड्युटीला दिवस-रात्र नसते. रात्री दोनला, तीनला, कधीही घरी यावं लागतं. आक्का दाजींचं ताट झाकून ठेवायची आणि टाकीचा दिवा चालू ठेवून झोपायची. मोठा दिवा लावला की पोरगं उठतं, आणि अंधारात चाचपडलं की पातेली उठतात. दाजी येऊन त्या टाकीच्या उजेडात जेवायचे. चौदा-पंधरा वर्षं त्यांनी मासे पाहत जेवण केलं. शाकाहारी माणसाच्या बाबतीत ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

चार वर्षांपूर्वी आक्का गेली.

त्यानंतर टाकीला जे झालं ते हळूहळू झालं. आधी काचेवर हिरवे ठिपके आले. मग गवताच्या पानांवर केसासारखे तंतू आले. मग एके दिवशी पाणीच हिरवं झालं. शेवटी शेवटी ती टाकी रसवंतीगृहाच्या टेबलावर शोभली असती. आलं-लिंबू घालून कोणी ग्लास पुढे केला असता तर दौंडच्या उन्हात माणसाने तो निमूट प्यायला असता.

आता संकटात सापडलेल्या माणसाला आपल्या समाजात आणखी काही मिळो न मिळो, उपाय मिळतात. शेजारच्या काकांनी तुरटी फिरवायला सांगितली. ती फिरवली. पाणी एक दिवस निवळलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोमाने हिरवं झालं. पुण्याहून माझा भाचा आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे, आणि बंद करून पुन्हा चालू करणं हा त्यांच्याकडे सगळ्या रोगांवरचा उतारा आहे. त्याने तोच केला. सगळं पाणी उपसलं, वाळू उकळली, फिल्टरचा स्पंज साबणाने पांढराशुभ्र धुतला, नवं पाणी भरलं आणि टाकीचा फोटो काढून तो पुण्याला गेला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं, आणि आठवड्यात निम्मे गप्पी गेले.

मग एका दुकानदाराने एक सकर मासा दिला. ‘हा शेवाळ खातो,’ म्हणाला. खात होता, यात वाद नाही. पण खाल्लेलं कुठेतरी टाकावंही लागतं, आणि तो ते त्याच टाकीत टाकत होता. बोटभर आणलेला मासा वर्षाच्या आत वीतभराच्या वर गेला. पाणी होतं तसंच राहिलं.

शेवटी भाच्याचा मला फोन आला. ‘मामा, तुम्ही सायन्सचे. एकदा जाऊन बघा. नाहीतर ती टाकी काढून टाकू. आणि बाबांनाही इकडेच आणतो, तिथे एकटे करतात काय?’ टाकी काढणं आणि बाबांना आणणं या दोन गोष्टी त्याने एका श्वासात सांगितल्या. मला तो श्वास काही बरा वाटला नाही. फोन ठेवला तेव्हा सौ. म्हणाली, ‘तीस वर्षं वर्गातली पोरं ऐकत नव्हती, आता मासे ऐकतात का बघा.’ आणि तिने पिशवीत दशम्या बांधून दिल्या.

शिरूरहून दौंडला जायचं तर न्हावऱ्याकडून जावं. त्या वाटेपासून जवळच, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं एक अख्खं गाव जमिनीतून वर काढलं. त्या गावाला पुराचं पाणी वळवून नेणारा पाट होता आणि बांधही होता. म्हणजे पाणी अडवायचं आणि मग त्याची काळजी करत बसायचं, ही हौस आमच्या भागाला आजची नाही. हा विचार करून मला जरा धीर आला.

दाजी दारातच उभे होते. ‘या मास्तर. राइट टाइम.’ चहा झाला, दशम्या निघाल्या. दशमीचा पहिला तुकडा मोडून दाजी उठले, टाकीपाशी गेले आणि डबीतले दाणे चिमूटभर आत टाकले. मग म्हणाले, ‘त्यांनी पन खाऊ द्या.’

मी घड्याळात बघितलं. अकरा वाजले होते. संध्याकाळी सहापर्यंत त्या माशांचं चार वेळा खाणं झालं. दाजींचं स्वतःचं एकदाच, तेही मी बसलो होतो म्हणून. रात्री दहा वाजता मी टाकीचा दिवा बंद करायला हात लावला तर ते म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या. तो रात्रभर असतो.’ दिवसा पश्चिमेच्या खिडकीचं ऊन, आणि रात्री दिवा. चोवीस तासांत त्या टाकीत अंधार म्हणून नव्हता.

रोग मला कळला होता. पण तो दाजींना सांगायचा कसा हे कळत नव्हतं. शाळेत असतो तर खडू घेतला असता.

शेवाळ म्हणजे काही घाण नव्हे. तीही वनस्पतीच्याच जातकुळीतली मंडळी; उजेड आणि खत मिळालं की वाढायचं, एवढाच त्यांचा धर्म. माशाला घातलेलं खाणं माशाने खाल्लं तरी त्याची विष्ठा होते, नाही खाल्लं तर ते तळाशी कुजतं, आणि दोन्हीतून अमोनिया सुटतो. अमोनिया माशाला विषारी. पण फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत जिवाणू वस्तीला असतात, ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो आणि साबणाने उठायला दहा मिनिटं. भाच्याने तो स्पंज धुतला तेव्हा दीडशे लिटरच्या गावातली सगळी सफाई कामगारांची आळी त्याने उठवली होती. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने पिळून, आणि तोही पांढरा होण्याची अपेक्षा न ठेवता.

आणि शेवटी उरलेलं हे नायट्रेट म्हणजे खत. गवत जोमात असेल तर ते गवत खातं. गवत मरगळलेलं असेल तर शेवाळ खातं. टाकी हिरवी होणारच असते. पानांनी व्हायची की पाण्याने, एवढाच प्रश्न. काच घासून या हिशेबात पैशाचाही फरक पडत नाही.

हे सगळं माणसांना कळायलासुद्धा वेळ लागला. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी बारा गॅलनच्या एका भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया ठेवली. म्हणजे आक्काचंच गवत! मासा श्वास सोडेल तो झाड घेईल आणि झाड सोडेल तो मासा घेईल, पाणी बदलायला नको, असा त्यांचा मनसुबा. काही दिवस बरे गेले. मग गवताची जुनी पानं कुजली, काचेवर हिरवट बुळबुळीत थर आला, पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टनसाहेबांनी काय केलं? त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून आत सोडल्या. त्यांनी कुजकं तेवढं खाल्लं आणि टाकी मार्गी लागली. १८५० साली साहेबांनी हे सगळं रीतसर छापून प्रसिद्ध केलं. म्हणजे माशांच्या टाकीच्या इतिहासातला पहिला अडथळा शेवाळाचा, आणि तो दूर केला गोगलगाईने. इतक्या सावकाश आलेली मदत इतकी वेळेवर पोचल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

सकाळी मी दाजींना एवढंच म्हणालो, ‘दाजी, टाकीला आजार नाही. तिला खाणं जास्त होतंय आणि झोप कमी.’

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘खानं मी कमी करीन मास्तर. पन दिवा नाय बंद व्हायचा.’

मी कारण विचारलं नाही. मला माहीत होतं. आणि मी त्या गवताचा मामा असलो तरी ज्याच्यासाठी तो दिवा लागत होता तो माणूस मी नव्हतो.

गार्डाशी वाद घालायचा तर रेल्वेच्या भाषेत घालावा. दुपारी मी विषय काढला. ‘दाजी, गाडी रात्रंदिवस पळवली तर?’ ते म्हणाले, ‘वा! यार्डात न्यावीच लागते. तपासनी नाय करायची?’ ‘मग या गाडीला यार्डात न्या की. दिवा बंद नको, फक्त जागा बदला.’ दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले, माळ्यावरून एक जुना टेबललॅम्प काढला, पुसला आणि जेवणाच्या टेबलाशी, टाकीकडे पाठ करून, लावून बघितला. ताटापुरता उजेड पडला. ‘एवढा बास होईल,’ ते म्हणाले. कोणाला बास होईल ते काही बोलले नाहीत.

हा तह झाल्यावर बाकीचं सोपं होतं. पाणी अर्धं बदललं. डिझेल काढायला नळी तोंडाने ओढतात तसंच टाकीचं पाणी काढतात. चव थोडी वेगळी असते, एवढंच. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं, तंतू टूथब्रशला शेवया गुंडाळाव्या तसे गुंडाळून ओढले. मग तीन दिवस टाकीवर दोन घोंगड्या आणि एक जाड सतरंजी. दिवा नाही, ऊन नाही, खाणं नाही. हवेची मोटर मात्र अखंड चालू. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला अंधारात फार काळ निभत नाही. मुळं धरलेल्या झाडापाशी चार दिवसांची शिदोरी असते. मोठे मासेही तेवढा उपास आरामात काढतात. दाजींना मात्र तो उपास सोसेना. दर तासाला ते घोंगडीला कान लावत. ‘मोटर चालू हाये,’ असं येऊन सांगत. तीन दिवसांत घरी आलेल्या दोन पाहुण्यांनी ती झाकलेली टाकी बघून दबक्या आवाजात चौकशी केली, एकाने तर पायातल्या चपलाही काढल्या.

या तीन दिवसांत मी शिरूरला जाऊन आलो. आमच्या बाजूच्या एका पाझर तलावात हायड्रिला भरपूर आहे. ही माझी जुनी मैत्रीण. चंचुपात्रात पाणी, पाण्यात हायड्रिला, तिच्यावर उलटं नरसाळं आणि नरसाळ्यावर परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे येतात, तो ऑक्सिजन. महाराष्ट्रात हा प्रयोग वहीत न काढता कोणी शाळा पास झालेला नाही. तीस वर्षं मी पोरांसाठी ती उपटून आणली. ती झपाट्याने वाढते, म्हणजे खतही झपाट्याने खाते, आणि म्हणून शेवाळाच्या ताटातलं काढून घ्यायला तिच्यासारखी दुसरी नाही. दोन-तीन पाण्यातून धुऊन घेतली, तरी चार गोगलगाई तिच्याबरोबर आल्याच. वॉरिंग्टनसाहेबांची आठवण ठेवून मी त्या येऊ दिल्या.

चौथ्या दिवशी घोंगडी काढली. पाणी आरशासारखं वगैरे झालेलं नव्हतं. फुटक्या मडक्यातल्या ताकासारखं फिकट होतं. मेलेलं शेवाळ कुजून पुन्हा अमोनिया होऊ नये म्हणून लगेच अर्धं पाणी बदललं. हायड्रिला रोवली. खिडकीला पडदा लावला. आणि मग दाजी एकदम वाकले. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे दीड वर्ष कोणाला काही दिसलं नव्हतं, तिथे वाळूतून एक दोरा गेला होता आणि त्या दोऱ्याला बोटाएवढं नवं पान फुटलं होतं.

‘तिचं गवत,’ दाजी म्हणाले.

वॅलिसनेरिया अशीच पसरते. पानं गेली तरी मूळ टिकून राहतं आणि वाळूखालून धावरा सोडतं. दाजींच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात. पण त्या जडपणातला बायकार्बोनेट या गवताला कर्ब म्हणून वापरता येतो. आक्काला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. तिने दोन-तीन जातींची झाडं लावून पाहिली होती आणि जे टिकलं ते तिने ठेवलं होतं. विज्ञान यापेक्षा फार वेगळं काही करत नाही.

पुढचं काम मात्र माझं नव्हतं, गार्डाचं होतं. शेवाळाला काबूत ठेवायला हुशारी फारशी लागत नाही, वेळापत्रक लागतं. दाजींनी एक वही घातली. दुपारी एक वाजता दिवा सुरू, रात्री आठला बंद. दर रविवारी तीन बादल्या पाणी बाहेर, तीन बादल्या आत. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि गुरुवारी उपास. ते एकदाचं खाणं केव्हा द्यायचं यावर आमची चर्चा झाली. मी म्हणालो, ‘तुम्ही जेवाल तेव्हा. तुम्ही जेवायला बसला नाहीत तर त्यांनाही नाही.’ दाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, विनातिकीट माणूस सापडलाय पण ओळखीचा निघालाय. पण वहीत लिहिलं.

राहिला सकर मासा. दाजींच्या मनात त्याला भीमेत सोडून पुण्य घ्यायचं होतं. ते मात्र मी होऊ दिलं नाही. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखत, पाठीवर काटे. नदीत सुटला की कोळ्यांची जाळी फाडतो आणि आपल्या माशांच्या तोंडचं खातो. अशाच कोणाच्या तरी पुण्याने तो उजनीच्या पाण्यातही पोचला आहे आणि तिथल्या मच्छीमारांच्या कपाळाला आठ्या पाडतो आहे. शेवटी तो भाच्याच्या कचेरीतल्या मोठ्या टाकीत रवाना झाला. आमच्या घराण्यातून आयटीत गेलेला तो दुसरा.

त्या संध्याकाळी आम्ही फिरत फिरत भीमेच्या काठाला गेलो. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला होता. हीदेखील तिकडचीच. फूल सुंदर म्हणून हौसेने आणलेली, आता नदीच झाकून बसलेली. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून येतं, मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीला जाते, आणि १९८० साली धरण पुरं झाल्यापासून ते सगळं तिथे थांबतं. खत, उजेड, साठलेलं पाणी! (हिशेब बरोबर करायचा तर हेही सांगितलं पाहिजे की आपल्याकडची हायड्रिला टाक्यांच्याच व्यापारातून १९५० च्या सुमारास अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली आणि तिने तिकडचे कालवे तुंबवले. फिट्टंफाट.)

दाजी बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘मास्तर, हितं पन कुनीतरी दिवसातून पाच येळा खायला घालतंय.’

‘हो ना.’

‘याच्यावर किती घोंगड्या लागतील?’

मी उत्तर दिलं नाही. तीस वर्षं शिकवल्यामुळे कोणत्या प्रश्नाला घंटेची वाट पाहायची ते मला कळतं. एवढं मात्र खरं की नुसती वरची जलपर्णी ओढून काढणं म्हणजे काच घासणं. खाणं घालणारा हात वर आहे.

या गोष्टीला आता वर्ष झालं. भाचा मध्यंतरी दौंडला जाऊन आला. ‘टाकी काढू’ हे वाक्य त्याने पुन्हा उच्चारलं नाही, उलट जाताना एका डब्यात आईच्या गवताचे चार धावरे घेऊन गेला. बाबांना आणायचं वाक्य त्याने उच्चारलं. दाजी म्हणाले, ‘दिवाळीला येतो आठ दिवस. माशांना घालायला मास्तरला बोलवू.’ भाचा म्हणाला, ‘मासे आठ दिवस राहतील की तसे.’ दाजी म्हणाले, ‘मासे राहतील रे.’

गवत इतकं माजलं आहे की आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला निघताना कुंकवाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत एक रोप मिळतं. सोबत, नदीत टाकायचं नाही, ही तंबी. मी मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दाजींनी वही पुढे ठेवली. गार्डाचं अक्षर, गार्डाचे रकाने. वेळ, पाणी, दिवा, खाणं, शेरा. आधीच्या पानांवर शेवाळाचे शेरे लांबलचक होते: काच डावी बाजू, तंतू मागे, घासले, पुन्हा आले. पुढे ते आखूड होत गेले. शेवटच्या रविवारी लिहिलं होतं:

‘पाणी ३ बादल्या. मासे ४१, पिल्ले मोजता येत नाहीत. स्वतः जेवण ८.०५. शेवाळ थोडे, दगडावर. मासे खातात. ऱ्हाऊ द्यावे.’